आर्थिक न्यायासाठी देणगी कशी द्यावी

महाराष्ट्रात देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. अन्नछत्रे, वसतिगृहे, धर्मशाळा, शाळांच्या इमारती, रुग्णालयांतील खाटा हे सारे लोकांच्या देणग्यांतून उभे राहिले आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही ज्यांच्या श्रमावर संपत्ती निर्माण होते त्यांच्या पदरात तिचा रास्त वाटा का पडत नाही, या प्रश्नाला आपल्या बहुतेक देणग्या स्पर्श करत नाहीत. संविधानाच्या उद्देशिकेने सामाजिक आणि राजनैतिक न्यायाच्या बरोबरीने आर्थिक न्यायाचे अभिवचन दिले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा दिला होता. ही विसंगती कमी करण्यासाठी देणगीचा उपयोग कसा करता येईल, हे येथे मांडले आहे. वर्षाला काही हजार रुपये बाजूला काढणारी व्यक्ती, माजी विद्यार्थ्यांचा गट, कौटुंबिक न्यास किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी सांभाळणारा अधिकारी यांना ते उपयोगी पडावे.

देण्याआधी आपले देणे चुकते करावे

पहिली पायरी देणगीची नाहीच. ज्या उत्पन्नातून आपण देणार आहोत, त्या उत्पन्नात कोणाची मजुरी राहून गेली आहे का, हे आधी तपासावे. उद्योग किंवा व्यापार असेल तर कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि अतिरिक्त कामाचे पैसे खरोखर मिळतात का, हे कंत्राटदाराच्या शब्दावर न सोडता हजेरीपट आणि बँकेतील जमा नोंदी पाहून ठरवावे. माल चढवण्या-उतरवण्याचे काम होत असेल तर माथाडी (हमाल) मंडळाकडे नोंदणी आणि लेव्हीचा (मजुरीवरील अधिभाराचा) भरणा नियमित आहे का, हे पाहावे. १९६९च्या माथाडी कायद्याची रचना मला आजही अनुकरणीय वाटते. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार द्यायचा. रोज वेगवेगळ्या मालकांकडे काम करणाऱ्या माणसालाही त्यामुळे कायम नोकरदाराचे संरक्षण मिळू शकते. ही लेव्ही चुकवून त्याच हमालांच्या मुलांना वह्या वाटणे हा न्याय होत नाही.

घरापुरते बोलायचे तर घरकाम करणाऱ्या बाईंना साप्ताहिक सुटी, आजारपणाची पगारी रजा, दिवाळीला एका महिन्याचा पगार आणि दरवर्षी ठरलेली वाढ द्यावी. २००८च्या कायद्यानुसार घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी असते. तिच्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांत त्यांना मदत करावी आणि त्या दिवसाचा पगार कापू नये.

प्रश्नामागचा हक्क शोधावा

गरज डोळ्यांना दिसते, पण तिच्यामागचा हक्क शोधावा लागतो. त्यामुळे कोणतीही मदत करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: ही वस्तू किंवा सेवा या माणसाला कायद्याने आधीच मिळायला हवी होती का, मिळायला हवी असेल तर ती कोणत्या टेबलावर अडली आहे, आणि ती सोडवून घेण्यासाठी त्याच्या बाजूने कोण उभे आहे. या तिन्ही उत्तरांनुसार देणगीची जागा बदलते.

धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करायची असते. म्हणजे कोणे एके काळी कोणी दिलेल्या दानाचे येथे कायदेशीर कर्तव्यात रूपांतर झालेले आहे. अडचण अशी की दारात पोहोचलेल्या नातेवाइकाला ही योजना ठाऊक नसते, आणि ठाऊक झाली तेव्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाताशी नसतो. अशा वेळी एका रुग्णाचे दोन लाखांचे बिल भरणारा दाता एका कुटुंबाला वाचवतो आणि ते पुण्यकर्मच आहे. पण तेवढ्याच पैशांत रुग्णालयांच्या आवारात बसणारा, दाखले मिळवून देणारा, मोकळ्या खाटांची विचारणा करणारा आणि नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज लिहिणारा एक कार्यकर्ता कित्येक महिने काम करू शकतो. दोन्ही शक्य नसेल तर मी दुसरे निवडेन.

राजर्षी शाहू महाराजांच्या कामात या विचाराचे मोठे उदाहरण सापडते. १९०१पासून कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला आणि लगोलग, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. शिकण्यासाठी निवारा दिला आणि शिकून आल्यावर बंद राहिले असते ते दारही उघडले. आजच्या देणगीदाराच्या हाती राज्य नाही. तरी आपण देत असलेल्या शिष्यवृत्तीच्या पुढे कोणते दार बंद आहे, याची चौकशी तो नक्कीच करू शकतो.

लोकांची संघटना असेल तिथे द्यावे

पुण्यातील कचरावेचक महिलांचा अनुभव देणगीदारांनी बारकाईने समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. या महिलांपैकी बहुसंख्य दलित, आणि कित्येक कुटुंबे १९७२च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा हा त्यांचा व्यवसाय. शहर त्यांना चोर किंवा भिकारी समजत असे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या त्या शिक्षणाच्या निमित्ताने. पुढे त्या महिलांच्याच बोलण्यातून मूळ प्रश्न कामाच्या मान्यतेचा आहे हे स्पष्ट होत गेले, आणि डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कामगार संघटना उभी राहिली.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी संघटना झाली, मग महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र आले, मग कचरावेचकांच्या श्रमामुळे महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला गेला आणि त्या हिशेबाच्या बळावर आरोग्य विम्याची मागणी मान्य झाली. घरोघरी कचरा गोळा करण्याचे बंधन नियमांनी शहरांवर घातले, तेव्हा हे काम मोठ्या ठेकेदारांकडे जाऊन या महिला उघड्यावर पडतील अशी स्थिती होती. त्याऐवजी त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, २००८मध्ये महापालिकेशी करार झाला आणि घराघरांतून दरमहा मिळणारे सेवाशुल्क थेट त्यांच्या हाती येऊ लागले. पतसंस्थेमुळे सावकाराच्या दारात जाणे टळू लागले.

या वाटचालीत बाहेरच्या मदतीची खरी गरज कोठे होती? हातमोजे आणि ढकलगाड्या लागतातच, पण त्याहून अधिक गरज असते ती वस्त्यांत फिरणाऱ्या पूर्णवेळ कार्यकर्तीच्या मानधनाची, खर्चाच्या अभ्यासाची, वकिलाची, सभेला येण्यासाठी बुडणाऱ्या रोजाची भरपाई देण्याची, हिशेबनिसाची आणि करार संपत आला की पुन्हा वाटाघाटी करण्याच्या तयारीची. या खर्चांची छायाचित्रे निघत नाहीत, म्हणून त्यांना पैसा मिळत नाही. देणगीदाराने मुद्दाम याच खर्चांची मागणी करावी आणि “तुमच्या अंदाजपत्रकातील कोणत्या बाबीला कोणी पैसे देत नाही?” असे संस्थेला सरळ विचारावे.

कामगार संघटनेला दिलेल्या रकमेवर सहसा करसवलत मिळत नाही, हेही माहीत असावे. सवलतीसाठी संघटनेला टाळून केवळ नोंदणीकृत न्यासालाच देणे सोयीचे असले, तरी वर्षाच्या देण्यातला काही भाग सवलतीविना देण्याची तयारी ठेवावी.

ऊसतोड आणि जंगल: पैसा कोठे लावावा

बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या साखरपट्ट्यात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादम हंगामाआधीच उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला राहतो. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो आणि तो आजारपण, बाळंतपण यांनाही सोडत नाही. अशा कुटुंबाला थंडीत फडावर जाऊन ब्लँकेट देणे चांगलेच. मात्र प्रश्नाचे मूळ उचलीच्या हिशेबात आहे, कारण तो मुकादमाच्या वहीत असतो आणि कोयत्याकडे त्याची प्रत नसते.

म्हणून गावात राहणारी, शक्यतो ऊसतोड कुटुंबातलीच एखादी शिकलेली मुलगी मानधनावर नेमण्यासाठी पैसा द्यावा. तिने हंगामाआधी प्रत्येक कोयत्याची उचल, दर, खाड्याची रक्कम कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पत्नीचे नाव त्या कागदावर स्वतंत्रपणे यावे, यासाठी तिने आग्रह धरावा. गावातील हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो का, हे तिने पाहावे, म्हणजे मुले शाळेत राहतात. ऊसतोड कामगारांच्या नावे कल्याणकारी महामंडळ आहे आणि कारखान्यांनी टनामागे रक्कम द्यावी असे धोरणही आहे. ते पैसे कोणत्या योजनांतून कोणापर्यंत जातात हे माहितीच्या अधिकारात विचारणे हेही तिच्या कामाचा भाग असावे. अशा कार्यकर्तीवर मुकादमांचा आणि गावातल्या वजनदार मंडळींचा दबाव येणार, हे गृहीत धरून तिच्या पाठीशी जिल्ह्यातली एखादी संघटना आणि एक वकील आहे, याची खात्री झाल्याशिवाय तिला एकटीला पुढे करू नये.

जंगलाच्या बाबतीत वाट थोडी वेगळी आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो आणि बांबू व तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर तिची मालकी मानली जाते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळवला आणि २०११पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. “आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. मात्र त्यामागे अनेक वर्षे चाललेले अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त होती, हे अनेकदा विसरले जाते.

नव्या गावाला मदत करायची असेल तर पैसा दोन टप्प्यांत लागतो. पहिला टप्पा दाव्याचा: वनहक्क समितीची स्थापना, हद्दीचा नकाशा, जीपीएसने मोजणी, जुन्या नोंदी, जाणत्या वृद्धांचे लेखी जबाब, आणि एकापेक्षा अधिक प्रकारचे पुरावे जोडून ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीपर्यंत केलेला पाठपुरावा. दुसरा टप्पा हक्क मिळाल्यानंतरचा, आणि येथे दाते बहुधा निघून गेलेले असतात. ग्रामसभेने तेंदूचा लिलाव स्वतः करायचे ठरवले, तरी तोडणाऱ्यांची मजुरी हंगामातच द्यावी लागते. खेळते भांडवल नसेल तर गाव पुन्हा ठेकेदाराच्या आगाऊ रकमेवर अवलंबून राहते आणि भाव पडतो. त्यामुळे या टप्प्यावर देणगीपेक्षा बिनव्याजी, हंगामानंतर परत करायची रक्कम अधिक उपयोगी ठरते, कारण परत आलेले तेच पैसे पुढच्या वर्षी शेजारच्या गावाला देता येतात. सोबत ग्रामसभेचे हिशेब लिहिणाऱ्या गावातल्याच तरुणाचे प्रशिक्षण असावे.

कागद पूर्ण न करता दिलेल्या देण्याचे काय होते, हे भूदानाने दाखवले आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांच्या सभेत एका जमीनदाराने शंभर एकर जमीन देऊ केली आणि पुढच्या वर्षांत देशभरातून चाळीस लाखांहून अधिक एकरांचे दान जाहीर झाले. त्या उदारतेपुढे मी आजही नतमस्तक होतो. तथापि त्यातील मोठा भाग पडीक, वादग्रस्त किंवा कधीच वाटप न झालेला राहिला, कारण मोजणी, फेरफार आणि ताबा यांची यंत्रणा दानाच्या वेगाने चालली नाही. जमीन, घर, गाळा असे काही देत असाल तर सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नव्या धारकाचे नाव चढेपर्यंतचा सगळा खर्च आणि पाठपुरावा देणगीचाच भाग समजावा.

संस्था तपासणे आणि पैसे पाठवणे

न्यासाची नोंदणी, घटना, विश्वस्तांची सध्याची यादी आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागावेत. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करणारा अर्ज) धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झाला आहे का, हे विचारावे, कारण तो प्रलंबित असलेल्या संस्थांत पुढे वाद उभे राहतात. कागदांइतकेच महत्त्व कार्यकारिणीच्या रचनेला आहे. ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्यांच्यापैकी किती जण निर्णयाच्या बैठकीत मताधिकारासह बसतात, हे पाहावे. एकही नसेल तर लगेच नकार द्यावा असे नाही, पण पुढच्या तीन वर्षांत ते कसे बदलेल हे लेखी मागावे.

८०जी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीत साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि बहुतेक संस्थांसाठी तिला समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगी तिच्यात धरली जात नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती मिळत नाही. संस्थेकडून करसवलतीसाठीचे देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे.

कंपन्यांसाठी कंपनी कायदा २०१३चे कलम १३५ लागू होते. ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. स्थानिक भागाला प्राधान्य देण्याच्या सूचनेमुळे कारखाने आणि मुख्यालये जिथे आहेत तिथेच हा पैसा फिरतो, आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांना त्याची वाट पाहावी लागते. संबंधित अधिकाऱ्याने आपल्या समितीपुढे हा मुद्दा मांडावा. आपल्या उत्पादनाचा कच्चा माल जिथून येतो, आपले कंत्राटी कामगार ज्या गावांतून येतात, तेही आपल्या जबाबदारीचे क्षेत्र आहे, असा युक्तिवाद करता येतो. मार्चअखेरीस घाईने खर्च उरकण्याऐवजी बहुवर्षीय प्रकल्पाची तरतूद वापरावी, कारण संघटना उभी राहायला एक आर्थिक वर्ष पुरत नाही.

परदेशातील मराठी देणगीदारांनी नागरिकत्वाचा मुद्दा आधी पाहावा. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान धरली जात नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, ते मूळचे भारतीय असले तरी, विदेशी अंशदान ठरते आणि ती केवळ एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घेता येते. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा मोठ्या शहरी संस्थेमार्फत खेड्यातल्या छोट्या गटाला पैसे पोहोचवण्याचा जुना मार्ग या निधीसाठी बंद झाला आहे, हे लक्षात घेऊनच आखणी करावी.

किती काळ, आणि मतभेद झाल्यास काय

निदान तीन वर्षांचे वचन द्यावे, पाच वर्षांचे देता आले तर अधिक चांगले. दरवर्षी अहवालात किती वस्तू वाटल्या यापेक्षा मजुरीचा दर किती वाढला, किती दावे मंजूर झाले, किती जणांची नावे कोणत्या नोंदीत आली, कोणत्या कार्यालयाने कोणते पत्र दिले, हे विचारावे. एखाद्या वर्षी यातले काहीच घडणार नाही. त्या वर्षी हप्ता रोखू नये. शेवटच्या वर्षाची रक्कम शक्यतो संघटनेच्या राखीव निधीत जावी आणि सभासदांच्या वर्गणीतून होणारी जमा दरवर्षी थोडी वाढावी, असे उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरवावे.

सर्वांत कठीण प्रसंग तेव्हा येतो, जेव्हा संघटना देणगीदाराच्या स्वतःच्या हिताला भिडते. कचरावेचक महिला आपल्याच सोसायटीकडे वाढीव सेवाशुल्क मागतात, किंवा ऊसतोड कामगार ज्या कारखान्याच्या दारात बसतात त्याच्या संचालकांत आपले नातेवाईक असतात. अशा वेळी फोन करून “जरा सबुरीने घ्या” म्हणण्याचा मोह होतो, आणि देणाऱ्याच्या तोंडून आलेला सल्ला घेणाऱ्याला हुकूम वाटतो. म्हणून पहिल्या वर्षीच्या करारपत्रातच एक कलम घालावे: संघटनेच्या मागण्या, आंदोलने, वाटाघाटी आणि न्यायालयीन दावे यांबाबत देणगीदाराला मत देण्याचा अधिकार राहणार नाही, आणि त्या कारणावरून ठरलेला कोणताही हप्ता थांबवला किंवा कमी केला जाणार नाही.